एका गळ्यात दोघं

बाना गेली बुधवारी. शेळ्यांना कळलं शुक्रवारी.

बुधवारी सकाळी तिनं गोठा झाडला, पायरीवर बसली, "जरा दम लागला" म्हणाली आणि गेली. डॉक्टर आले तेव्हा खराटा तिच्या हातातच होता. दोन दिवस शेळ्या गोठ्यात होत्या. घरात पाहुण्यांची गर्दी, कुणी ना कुणी त्यांना पाला टाकत होतं. शुक्रवारी आम्ही सावडून आलो. शेळ्या फार ओरडत होत्या, म्हणून मी त्यांना सोडलं. अकराच्या अकरा नेहमीच्या वाटेनं डोंगराच्या उतारावर गेल्या. संध्याकाळी कुंपणापाशी उभं राहून मी हाक मारली. एकही आली नाही. त्यांनी माना वर केल्या, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. त्या पुन्हा चरायला लागल्या.

मलाही नीट तेव्हाच कळलं.

मी केरबा. दौलताबादच्या किल्ल्यावर एकतीस वर्षं चौकीदार होतो. रजिस्टरात रोज लिहायचो: इतके लोक आत गेले, इतके बाहेर आले, एक छत्री सापडली. मला तेवढंच लिहिता येतं, आणि हेही तसंच लिहितोय.

शेळ्या बानाच्या, माझ्या बायकोच्या. मी किल्ला राखला, तिनं शेळ्या राखल्या. निवृत्त होऊन मी घरी बसलो तरी शेळ्यांनी माझी दखल घेतली नव्हती. बाना गालाला हात लावून एक लांब, बारीक हाक द्यायची, "ईऽऽऽ". शेवटी तिचा आवाज थोडा फाटायचा. तो फाटला की शेळ्या डोंगरावरून धावत सुटायच्या. ती जिवंत असताना मी तिची हुबेहूब नक्कल करायचो. ती स्वयंपाकघरात असली की मी ओसरीवरून तिच्याच आवाजात म्हणायचो, "बाई गं, ह्या माणसानं जीव खाल्ला माझा." ती उलथनं घेऊन बाहेर यायची. मारायची नाही. हसू आवरत उभी राहायची.

तर त्या शुक्रवारी अंधार पडायला आला, शेळ्या वरच, आणि शेजारी माझा मुलगा रामकिसन उभा.

"आबा, त्या तुमचं ऐकत नायत," तो म्हणाला. "चौदावा झाला की इकून टाकू. पुंडलिकनगरला चला. आशा सगळं करती तुमचं."

आशा माझी सून. चांगली आहे. पण शहरात, पुंडलिकनगरात त्यांच्या दोन खोल्या, आणि गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या माणसाची गॅलरी. शेळ्या गेल्या की मीही तिथं जाणार, हे मला कळत होतं. ह्या घरात मला ठेवणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

"तू आत जा," मी म्हणालो. "चहा ठेव."

तो आत गेल्यावर मी गालाला हात लावला आणि बानाच्या आवाजात हाक दिली. शेवटी फाडलीसुद्धा. अकराही शेळ्या दगडं उडवत खाली आल्या. आपण फसलो हे त्यांना गोठ्यात शिरल्यावर कळलं. सगळ्यात म्हातारी चांदी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली.

रामकिसन चहा घेऊन बाहेर आला. "आल्या?"

"आल्या की. कामून नाय येणार?"

त्याला वाटलं, बाईचा आवाज आला तो शेजारच्या सखूबाईंचा. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

इथपर्यंत ठीक होतं. पण हत्यार हातात आलं की माणूस ते आणखी कुठं चालतंय का बघतो.

आमच्या कुंपणाला लागून तात्यासाहेबांची पेरूची बाग आहे. तात्यासाहेब आणि बाना वीस वर्षं भांडले. शेळ्या ह्यांच्या कुंपणातून आत जायच्या, हे दगड मारायचे, ती इकडून बोलायची. ती गेल्यावर दहाव्याला ते आले आणि चारचौघांत म्हणाले, "बाई तोंडाळ होती, पण मनाची साफ." पहिला अर्धा भाग म्हणायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी दिवेलागणीला ते बागेतून चालले होते. मी कुंपणाच्या निवडुंगामागं शेळ्यांना पाला तोडत होतो. तोंडातून आपोआप निघालं, बानाच्या आवाजात, "तात्यासायेब, तोंडाळ कोण वं?"

तात्यासाहेब सत्तरीचे आहेत. असे पळताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एक चप्पल मागं राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती नेऊन दिली.

"ही तुमची का बघा. कुंपणापाशी सापडली."

"व्हय," ते म्हणाले. मग हळूच, "केरबा, तुला काय ऐकू येतं का रे तिथं, सांजच्याला?"

"काय ऐकू येणार? शेळ्या."

शनिवारी निवडुंगाखाली नारळ फोडलेला दिसला, हळदकुंकू वाहिलेलं. खोबरं गोड होतं. त्यानंतर दगड मारणं बंद झालं. बागेतले पडलेले पेरू ते स्वतः टोपलीत घालून आमच्या दाराशी ठेवायला लागले. मी त्यातले अर्धे शेळ्यांना घालायचो.

मला आता मजा यायला लागली होती हे खरं आहे. दिवसातून एकदा तरी मी तो आवाज काढायचो. शेळ्यांना हाक द्यायला, पाव विकणाऱ्याला थांबवायला, कुत्र्याला हाकलायला. नंतर नंतर कारणही लागेना. आवाज काढला की घरात ती आहे असं वाटायचं. बंद केला की नाही. माझा स्वतःचा आवाज खरखरायला लागलाय, सकाळी शब्द फुटायला वेळ लागतोय, हे मला कळत होतं. मी गूळ-सुंठ खात होतो.

आणि मग माझ्याकडून चूक झाली.

एका संध्याकाळी शेळ्या आत घेऊन मी कुंपणापाशीच थांबलो होतो. चाळीस वर्षं ह्या वेळेला घरातून मला हाक यायची. "अवं, च्या झाला." आता घरी हाक मारणारं कुणी नाही, तर मीच मारावी म्हटलं. बानाच्या आवाजात घराकडं तोंड करून जोरात ओरडलो, "केरबाऽऽ, च्या झाला!"

शेजारची खिडकी धाडकन उघडली. सखूबाई. बानाची बालमैत्रीण, दोघी एकाच गावच्या, पिशोरच्या. मला ती दाजी म्हणते आणि त्या नात्यानं वाटेल ते बोलते.

"कोण मेलं हाय रं तिथं?"

मी कुंपणाआड वाकलो.

"महिना झाला ऐकू राहिले मी. मला वाटलं बानाच आली. दिवा लावू राहिले रोज, येडी मी! अन् आज नाव घेतलं? बाना नवऱ्याचं नाव घेईल व्हय? लग्नात उखाणा घ्यायला तासभर बसवली तिला, तरी नाय घेतलं. मेल्यावर घेती का?" ती कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून बाहेर आली. "दाजी! तुमीच ना? बोला की!"

मी बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं झालं, बस.

"आता कामून गप?" सखूबाई म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा राग ओसरला. "अगं बाई. दोन्ही आवाज गेले का?"

तिनं रामकिसनला फोन लावला. भुताचं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या आबाचा घसा बसला, लवकर ये."

पहिल्या दवाखान्यात लुकलुकत्या दिव्याची तपासणी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, हा दिवा आवाजाच्या ठेक्यावर लुकलुकतो, म्हणून आतली हालचाल सावकाश दिसते. पण तुमच्या आवाजाला ठेकाच राहिला नाही, दिवा गोंधळतो. त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही घशाच्या मोठ्या डॉक्टर काझी मॅडमकडं गेलो. त्यांच्याकडं एका सेकंदात चार हजार फोटो काढणारा कॅमेरा होता. त्याला ठेका लागत नाही, जे होतं ते सगळं तो टिपतो.

चार हजार. बानाचे माझ्याकडं चाळीस वर्षांतले सात फोटो आहेत, त्यातल्या दोनांत ती डोळे मिटून आहे.

तोवर आठवडा गप्प बसून मला थोडा आवाज आला होता. मॅडमनी विचारलं, "काका, गाता का? भजन, कव्वाली, कुछ भी?"

"नाय."

"हातगाडीवर माल विकता?"

"नाय."

"मग ओरडता कुणावर?"

"शेळ्यांवर," रामकिसन म्हणाला.

मॅडमनी घशात कडू फवारा मारला. घसा मेल्यासारखा बधिर झाला. मग कापडाच्या तुकड्यात माझी जीभ धरून पुढं ओढली आणि करंगळीएवढी एक लांब नळी तोंडात घातली. शेजारी शिकणारी तीन पोरं-पोरी उभी होती. "आता लांब ई म्हणा. ईऽऽ."

मी हात वर केला. त्यांनी नळी काढली. "काय झालं? उलटी?"

"नाय," मी कुजबुजलो. "कुणाच्या आवाजात म्हणू?"

"म्हणजे?"

"सध्या माझ्याकडं दोन हायेत."

मॅडमनी रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं छताकडं बघितलं. मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "दुसरा कुणाचा?"

"मंडळींचा. वारल्या त्या, आषाढात."

कुणी हसलं नाही. मॅडम नळी पुसत म्हणाल्या, "ठीक आहे. आधी तुमचा, मग त्यांचा. दोनो देखते है."

आधी माझा झाला. दोन सेकंद. मग त्यांनी पुन्हा जीभ धरली आणि मी बानाची ई लावली. मधेच ती तुटली, पुन्हा धरली. "छान, अजून थोडं, अजून," असं म्हणत मॅडम माझी जीभ सोडेनात. शेवटी सोडली तेव्हा गळ्यात बानाच होती, तीच बोलली, "जीभ सोड की गं बाई माझी, उपटून घेती काय?"

पोरंपोरी फसकन हसली. मॅडमही हसल्या. रामकिसन उठला आणि बाहेर गेला.

मला वाटलं रागावला. दरवाज्याच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळानं आत आला, डोळे पुसलेले. "आबा," तो म्हणाला, "परत एकदा बोला ना तसं."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आता अजिबात नाही. आधी हे बघा."

त्यांनी पडद्यावर दाखवलं. घशाच्या तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, मधे काळी फट. मॅडम म्हणाल्या, ह्या स्वरपट्ट्या, ह्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आवाज होतो. पट्ट्या सावकाश उघडत होत्या, मिटत होत्या, पाण्यातल्या पानासारख्या हलत होत्या.

"आवाज मोठा करा जरा," मी म्हणालो.

"ह्यात आवाज नसतो काका. फक्त चित्र."

"मुका फोटो?"

"मुका. पण दोन सेकंदांचं चित्र सावकाश चालवलं की पाच मिनिटं वीस सेकंद चालतं."

माझा आवाज आधी दाखवला. पट्ट्या जाड, संथ. दोन्ही कडांवर समोरासमोर एकेक दाणा उठलेला. त्यामुळं पट्ट्या पूर्ण मिटत नव्हत्या, फटीतून हवा जात होती. मग बानाचा. त्याच पट्ट्या, पण ताणून बारीक केलेल्या, आणि दुप्पट घाईत. नुसत्या कडाच थरथरत होत्या. डावी जरा मागं राहत होती, उजवी पुढं जात होती.

"दोघी बरोबर चालत नाहीत, बघितलं?" मॅडम म्हणाल्या.

"आमचं असंच होतं," मी म्हणालो. "ती पुढं, मी मागं."

पाच मिनिटं वीस सेकंद आम्ही सगळे बघत होतो. माझाच गळा होता, मला माहीत होतं. तरी मी तिला बघत होतो.

नंतर मॅडमनी सरळ सांगितलं. बाईच्या आवाजासाठी मी गळा पिळतोय, त्यानं दाणे उठलेत. दोन आठवडे पूर्ण गप्प बसायचं. मग स्वतःच्या आवाजात, खालच्या पट्टीत, रोज दहा मिनिटं सराव. बाईचा आवाज बंद. ऐकलं तर दाणे जातील. नाही ऐकलं तर कापावे लागतील, आणि मग कुठला आवाज राहील ह्याची हमी नाही.

"सरावाला काय म्हणायचं?"

"कुणाचंही नाव घ्या. सावकाश, गळा न पिळता. पण तुमच्या आवाजात."

मी बानाच्या आवाजाचा फोटो मागितला. मॅडमनी छापून दिला. शिकणाऱ्या पोरीनं खाली तारीख लिहिली, 'रुग्ण: केरबा'. मी तिच्याकडून पेन घेतलं आणि कंसात 'बाना' लिहिलं.

परतताना पुंडलिकनगरात थांबलो. आशानं फोटो हातात घेतला, तिरका केला, सरळ केला आणि एकदम टेबलावर पालथा ठेवला. "ईऽऽ! मामा, काय हे! कुणाचं असं उघडंनागडं?"

मला बोलायची बंदी होती. मी कागदावर लिहून दिलं, 'तुझी ई चांगली लागती. मॅडमला दाखव.' आणि खाली, 'तुझ्या सासूचा आवाज आहे.' तिनं फोटो सुलटा केला, पुसला आणि माझ्या पिशवीत घडी पडणार नाही असा नीट ठेवला.

दोन आठवडे मी शेळ्या दोरीनं नेल्या-आणल्या. दोन दोन करून अकरा शेळ्यांच्या सहा खेपा. सखूबाई ओट्यावर बसून गवार मोडत मोजायची. "पाचवी खेप, दाजी. भूत व्हणं सोपं व्हतं, नाय?" मला उत्तर देता येत नव्हतं ह्याचा तिनं पुरेपूर फायदा घेतला.

मग सराव सुरू केला. आधी शेळ्यांची नावं, जाड आवाजात, मूठभर ज्वारी दाखवत. सगळ्यात खादाड कपिली तिसऱ्या दिवशी आली. तिच्या मागं दोन आल्या. चांदी वर उभी राहून माझ्या मागं बघत होती. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. फक्त तिच्यासाठी, अगदी हळू, एकदाच, बानाची ई दिली. ती लगेच आली.

महिन्यानं पुन्हा कॅमेऱ्यापुढं बसलो. मॅडमनी चित्र बघितलं. "दाणे बसत आलेत. पण काका, बाईचा आवाज काढला ना मधे?"

"नाय."

त्यांनी पडद्यावर एका कडेला बोट ठेवलं. तिथं जरा लाल होतं.

"एकदाच," मी म्हणालो. एका सेकंदाला चार हजार फोटो निघत असतील तर खोटं बोलून काय मिळणार?

दिवाळीला रामकिसन आला. त्याच्यादेखत मी कुंपणापाशी उभा राहिलो, गालाला हात न लावता, माझ्या जाड आवाजात हाक दिली. दहा शेळ्या खाली आल्या. अकरावीला तो स्वतः वर जाऊन दोरीनं घेऊन आला. विकायचं काही बोलला नाही. जाताना बानाच्या तसबिरीखाली लावलेल्या त्या फोटोपुढं थांबला आणि विचारलं, "आबा, ह्याची एक कॉपी मिळंल का?"

तात्यासाहेबही पाडव्याला फराळाला आले होते. त्यांनी दारातूनच फोटोकडं बोट केलं. "हे काय रे केरबा? कुठला देव?"

"बानाचा आवाज हाय. दवाखान्यात पकडला."

त्यांनी चप्पल काढून हात जोडले. मी फराळाचं ताट पुढं केलं. सखूबाईनं तोंडाला पदर लावला आणि करंजी घशात अडकल्यासारखी खोकत राहिली.

सराव अजून चालू आहे. शेळ्यांची नावं होतात, रामकिसनचं होतं, आशाचं होतं, तात्यासाहेबांचं तर फार छान होतं. चांदी अजून दोरीनंच येते. बाना हे नाव मला लिहिता येतं, इथं किती वेळा लिहिलं. पण लग्नापासून मी तिला 'अगं ए' म्हणत आलो. तिचं नाव माझ्या आवाजात मोठ्यानं घ्यायचं राहिलंय.